शुक्रीकडे पाठ करून

वन्सं, काल दिवेलागणीला तुम्ही येऊन गेलात का? खरं सांगा.

मी देवापुढे वात लावून उठत होते आणि मागे पडवीत शुक्रीची शेपटी फरशीवर आपटली. टप, टप, टप. गेले कित्येक दिवस ही कुत्री भाकरीला तोंड लावत नाही. दूध ओतलं तर मान फिरवते. हाक मारली तर एक डोळा उघडून बघते, मी तुम्ही नाही याची खात्री करून घेते आणि पुन्हा मिटते. अशा कुत्रीची शेपटी आपोआप वाजते होय? मी वळले. उंबऱ्यात कोणी नव्हतं. शुक्री मात्र तिकडेच बघत होती, तेही मान वर करून, उभ्या माणसाचं तोंड जिथे असतं तिथे. मी वळल्याबरोबर शेपटी थांबली. तिने डोकं पंजांवर टेकलं. जणू मी मध्ये कडमडले म्हणून कोणीतरी माघारी गेलं.

तुमच्या गोठ्यातली ही शेवटची कुत्री. तुम्ही गेलात आणि ती माझ्या दारात आली. ती जगते की तुमच्या मागोमाग जाते, एवढा एकच प्रश्न सध्या आपल्या घरात आहे. बाकीचे प्रश्न तुमचे भाऊ टीव्हीवर बघतात.

तुमच्यावर काहीतरी लिही, असं सगळे मला म्हणाले. जन्म कुठला, सासर कुठलं, हे दहाव्याच्या पत्रिकेत छापून झालंय. त्यात ‘प्रेमळ व मनमिळाऊ’ असंही छापलंय. मनमिळाऊ! तुम्ही! मी पदर तोंडाला लावून इतकी हसले, की शेजारच्या बायका पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, “रडू नका वयनी, सावरा.” मग खरंच रडायला आलं. तेव्हा पत्रिकेतलं खरं की माझं हसू खरं, ते तुम्हीच ठरवा. मी इथे मला माहीत असलेल्या बाईशी बोलतेय. ती बाई अर्ध्या घोडेगावाशी भांडलेली होती.

आपली पहिली भेट आठवते? मी नगरची, मॅट्रिक झालेली, पायात पट्ट्याची चप्पल, अंगाला पावडर. माप ओलांडायला पाय उचलला आणि तुमचा वाघ्या मला हुंगायला आला. बिचाऱ्याची शेपटी गोल गोल फिरत होती. मला वाटलं, तो राग काढतोय! शाळेत सनावळ्या घोकल्या होत्या, पण कुत्रं शेपटी का हलवतं हे कोणी शिकवलं नव्हतं. मी जी किंकाळी फोडली, ती फोडली, आणि मुंडावळ्यांसकट तुमच्या भावाच्या पाठीवर चढले. वरात बघायला आलेल्या गावाने नवरीला नवऱ्याच्या पाठुंगळी बघितलं. माप कुठे, तांदूळ कुठे. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. तुम्ही मात्र कमरेवर हात ठेवून म्हणालात, “बरं झालं. उंबऱ्याला पायच न्हाई लागला. हिला परत पाठवायची तरी सोय ऱ्हायली.”

ती पोरगी आज भेटली तर मीच तिच्या डोक्यात टपली मारीन. काय ते तिचं ज्ञान! मासिकात वाचून तिने वाघ्याला इंग्रजीत शिकवायला घेतलं. हातात खारी धरून ओरडायची, “सीट! सीट!” वाघ्याने खारी खाल्ली, बोटं चाटली आणि निघून गेला. ओट्यापुढून जाणारे शेजारचे तात्या मात्र दचकून खाली बसले. त्याच पोरीने तुमच्या मिश्रीवरही भाषण ठोकलं होतं. तव्यावर तंबाखू भाजून, कुटून तुम्ही ती काळी पूड दातांना घासत बसायचात, आणि मी नगरहून आणलेली टूथपेस्ट तुमच्या नाकापुढे नाचवायचे. तुम्ही बाजूला थुंकून म्हणायचात, “वयनी, तुझ्या ट्यूबनं दात पांढरं व्हत्यात. डोकं न्हाई.”

माझ्या लग्नाआधीच तुम्ही विधवा होऊन माहेरी आला होतात. पुढे बाजारतळामागच्या आपल्या जमिनीच्या तुकड्यात पत्र्याचा गोठा बांधून घेतलात. गोठा म्हशींसाठी, असं सांगितलंत. म्हैस काही आली नाही. आली ती कुत्री.

ही कुत्री कुठून येतात, हे मला तुमच्यामुळे कळलं. घोडेगावचा जनावरांचा बाजार लहानपणापासून ऐकून माहीत होता. गाई, म्हशी, शेळ्या, त्यांचे टेम्पो, धूळ, दलालांचे रुमालाखाली भाव ठरवणारे हात. पण बाजार उठल्यावर मागे काय राहतं, ते मी कधी बघितलं नव्हतं. कुणी कळपच्या कळप विकून मोकळा होतो. मेंढरं टेम्पोत चढतात. मेंढरांमागे आलेलं कुत्रं खालीच राहतं. त्याला विकत कोण घेणार? त्याची गरज तर त्या दिवशीच संपलेली असते. त्याला ते कळत नाही. ते टेम्पोमागे पळतं, दमतं, परत येतं आणि जिथे आपली मेंढरं शेवटची उभी होती त्या जागेवर बसून राहतं.

शुक्री अशीच सापडली. शुक्रवारच्या बाजारात, म्हणून शुक्री. एक कान फाटका, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. रिकाम्या बाजारतळावर लेंड्यांनी भरलेल्या एका चौकोनात बसलेली, आणि कोणी जवळ गेलं की दात. मी तुमच्याबरोबर होते, छत्री धरून. तुम्ही तिच्यापासून थोड्या अंतरावर मातीत बसकण मारलीत, तिच्याकडे पाठ करून. भाकरीचा तुकडा हात मागे करून ठेवलात, आणि गप्प.

“वन्सं, अहो तिच्याकडे बघा तरी,” मी म्हणाले. “ऊन केवढंय.”

“तू गप गं. बगितलं की तिला वाटतं आपल्याकडनं कायतरी पायजेल हाय. समद्या जगाला तिच्याकडनं कायतरी पायजेच हुतं. आता नको.”

“मग ती येणार कशी?”

“यील नायतर न्हाई यील. पाठ करून बसायचं. वळायचं न्हाई. पाठीला नाक लावलं तरी वळायचं न्हाई. वळली, की समदं पयल्यापासनं.”

मी छत्रीखालीही घामाघूम झाले. तुम्ही मातीच्या ढेकळासारख्या बसून होतात. मग शुक्री उठली. चार पावलं, थांबली, परत गेली, परत आली. भाकरी उचलली. आणि नंतर, वन्सं, ते मी अजून विसरले नाही, तिने तुमच्या पाठीला, खांद्याच्या दोन फऱ्यांच्या मध्ये, नाक टेकवलं आणि तसंच ठेवलं. तुम्ही वळला नाहीत. तुमचं तोंड फक्त मला दिसत होतं. ते शुक्रीने कधीच बघितलं नाही, आणि मी ते कुणाला सांगणारही नाही.

तुमच्याकडून कुत्रं नेणं म्हणजे पोरगी मागण्यापेक्षा अवघड. सुप्याच्या कंपनीतला तो साहेब आठवतो? गाडीतून आला, गॉगल काढला, म्हणाला, “आज्जी, एक चांगलं कुत्रं द्या राखणीला.”

“घरात कोन कोन?”

“मी, मिसेस, एक मुलगी.”

“भांडनं व्हत्यात का?”

“कुत्र्याला काय करायचंय आमच्या भांडणाशी?”

“समदं त्यालाच करायचं असतं. तुमी दोगं ओरडनार, ते मधल्यामधी घाबरून घरात मुतनार, मंग त्यालाच मारनार. बांधून ठिवनार का?”

“दिवसा फक्त.”

“मंग कुलूप घे. सस्त पडंल. कुलपाला भाकरी लागत न्हाई.”

तो चिडून गेला, आणि पुढच्या आठवड्यात बायकोला घेऊन परत आला. बायकोला तुम्ही पसंत केलंत. नंतर अचानक त्यांच्या दारात जाऊन धडकलात, पोर सासरी सुखात आहे का बघायला. आणि वन्सं, तुमचं नेहमी बरोबर असायचं असं कुणी समजू नये म्हणून हेही लिहिते. तुम्ही त्या माणसाचं कुत्रं साखळीला बघून जागच्या जागी सोडवून आणलंत, आणि दुसऱ्या दिवशी कळलं, की लस टोचायला डॉक्टर येणार होते म्हणून तासभर बांधलं होतं. माफी मागायला मला पाठवलंत! माझ्याबरोबर शेंगदाण्याचे लाडू दिलेत, आणि वर ताकीद: “माफी बिफी म्हनू नको. लाडू कुत्र्यासाठी न्हाईत एवढंच सांग.”

नसबंदीच्या वेळीही तुम्हीच चुकलात. “देवानं दिलंय ते कापायचं का?” म्हणून वर्षभर भांडलात. मग एकाच हिवाळ्यात गोठ्यात तीन कुत्र्या व्याल्या आणि थंडीने गेलेली कितीतरी पिल्लं आपण दोघींनी मिळून पुरली. त्यानंतर कुत्र्यांना जनावरांच्या दवाखान्यात न्यायला तुम्ही स्वतः टेम्पो ठरवलात. हरलात, पण हरले म्हणाला नाहीत. “डॉक्टरीन बाई चांगली हाय म्हनून,” एवढंच.

एक भांडण मात्र कधी मिटलं नाही. मी म्हणायचे, कुत्रं भाकरीचं असतं. जो टाकेल त्याचं. तुम्ही म्हणायचात, “कुत्रं वासाचं असतं वयनी. भाकरी कुनाच्या हातची हाय, ते त्याला आदी कळतं. भूक मागनं लागती.” म्हणून तर तुमचा तो गोधडीचा रिवाज. कुत्रं द्यायचं ठरलं, की जुन्या लुगड्यांची एक लहान गोधडी शिवायची, काही रात्री स्वतः अंगाखाली घ्यायची आणि ती आधी त्या घरी पोचवायची. कुत्रं मागून. “आदी गोधडी घरात मुरू दे. तुमचा वास, माजा वास एक हू द्या. मंग ते आलं की त्याला वाटंल, आपन हितं आदीच येऊन गेलोय.” आणि निघताना बोट उगारून: “धुवायची न्हाई!”

मी नाक मुरडायचे. मिश्री, करंजाचं तेल आणि कुत्री, हा तुमचा वास. गोचिडांसाठी करंजाचं तेल चोळून चोळून तुमच्या हातांची कातडीसुद्धा कडू झाली असेल. मी म्हणायचे, “वन्सं, भेट द्यायची तर निदान उन्हात तरी टाकून द्या.” चाळीस वर्षं मी तुमच्या वासाची थट्टा केली.

दिवाळीनंतर तुमची छाती भरून यायला लागली, आणि तुम्ही गोठा रिकामा करायला घेतलात. एकेक कुत्रं एकेका घरी गेलं. प्रत्येक घराची झडती, प्रत्येक घराला गोधडी. शेवटी शुक्री राहिली. म्हातारी, फाटक्या कानाची, बूट घातलेल्या माणसावर धावणारी. तिला कोण नेणार? मी वाट बघत होते, वन्सं. तुम्ही मला विचाराल म्हणून. तुम्ही सुप्याला विचारलंत, पुणतांब्याच्या पाहुण्यांना विचारलंत, टेम्पोवाल्याला विचारलंत. मला नाही. मी मनात म्हणाले, अजूनही ही बाई मला नवऱ्याच्या पाठीवर चढलेली पोरगीच समजते. आणि आपणहून मागायला माझाही मानच आडवा आला.

मग एका सकाळी तुम्ही आलात. दारात दोनदा खाकरलात, नेहमीसारखं. शुक्री तुमच्या पायाशी. पडवीत बसलात, चहा घेतलात, चहात आलं कमी आहे म्हणालात. जाताना काखेतलं बोचकं माझ्या पुढ्यात टाकलंत. गोधडी.

“ही कशाला?” मी म्हणाले.

“ऱ्हाऊ दे. लागंल.”

“माझ्याकडे काय पांघरुणं नाहीत?”

“ऱ्हाऊ दे म्हनलं ना.” आणि तुम्ही पडवीकडे, चुलीकडे, मागच्या दाराकडे एकदा नजर फिरवलीत. शुक्रीला घेऊन परत गेलात.

मला वाटलं, माझे गुडघे दुखतात म्हणून. मी ती पडवीतल्या वलणीवर टाकली आणि वासाने दोन दिवस बडबडले.

दवाखान्यात शेवटच्या दिवशी तुमच्या तोंडातून शब्द नीट फुटत नव्हता. मी वाकले. तुम्ही म्हणालात, “गोधडी... हाय का?”

मी म्हणाले, “अहो, इथे चादर आहे ना चांगली. थंडी वाजते का?” आणि माझी शाल तुमच्यावर घातली. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. त्या नजरेचा अर्थ मी लावला, की बरं वाटतंय. तुमच्यासमोर आयुष्य काढून एवढीच अक्कल आली मला! तुम्ही हसला असता तर बरं झालं असतं. तुम्ही डोळे मिटलेत.

तुमच्या सासरचं कोणी आलं नाही. आपल्या संजूने, तुमच्या भाच्याने, अग्नी दिला, म्हणून सगळं सुतक आपल्या घरात. संजूच शुक्रीला दोरीने घेऊन आला. पडवीत आली, थबकली, नाक वर केलं, आणि वलणीवरची ती गोधडी दातांनी ओढून खाली पाडली. तिच्यावर तीन गिरक्या घेऊन बसली. संध्याकाळी मी भाकरी टाकली, तिने खाल्ली. मी तुमच्या फोटोकडे बघून म्हणाले, “बघा! भाकरीचं असतं कुत्रं.” सुतकातसुद्धा माझी खोड गेली नाही.

सुतक फिटलं, त्या दिवशी घर धुवून काढलं. तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडे त्या दिवशी काही सोडत नाहीत. चुलीपासून उंबऱ्यापर्यंत सगळं, घरातलं पांघरूण न् पांघरूण. शेजारच्या बायका मदतीला आलेल्या. मी पदर खोचून पुढे. मोठं पातेलं चढवलं, सोडा टाकला, सतरंज्या, चादरी, आणि शुक्री मागच्या अंगणात गेली होती तेव्हा तिच्या जागेवरची गोधडी. उकळत्या पाण्यात स्वतः काठीने खाली दाबली. पाणी काळं काळं निघालं. बायका म्हणाल्या, “कसली कळकट हुती हो!” मला फार बरं वाटलं. घर स्वच्छ झालं, माणूस मोकळा झाला, असं आपण म्हणतो. मी तुम्हाला मोकळं केलं, वन्सं. काठीने दाबून दाबून.

गोधडी वाळली, मी ती घडी करून शुक्रीच्या जागेवर टाकली. ती आली. हुंगलं. कडेकडेने सगळी हुंगली, एक कोपरा नाकाने उलटा करून खालून हुंगला. मग वर बघितलं, माझ्याकडे. बाजारतळावर जिथे मेंढरं शेवटची उभी होती त्या जागेवर बसलेली कुत्री मी पुन्हा बघितली. ती गोधडी सोडून उघड्या फरशीवर जाऊन पडली, आणि त्या वेळपासून तिने खाणं सोडलं.

आणि तेव्हा, सोड्याने सोललेल्या हातांनी उभी असताना, मला कळलं. आधी गोधडी, मग कुत्रं. तुम्ही मला विचारलं होतं. सगळ्या घरांची झडती एका दिवसात घेतलीत, माझी चाळीस वर्षं घेतलीत, आणि मला पास करून गेलात. दवाखान्यात थंडी वाजत नव्हती तुम्हाला. स्थळ पक्कं आहे ना, एवढं विचारत होतात. आणि मी ते स्थळ सोड्याच्या पाण्यात उकळून काढलं.

डॉक्टरीन बाई येऊन गेल्या. ताप नाही, हिरड्या ठीक, पोट मऊ. सलाईन लावलं. म्हणाल्या, “आजी, तिच्या अंगात दुखणं काही नाही. पाणी पितेय तोवर धीर धरा, बळजबरीने घास कोंबू नका. पण वय बघता फार दिवस असं चालणार नाही.” तुमचे भाऊ जेवायला बसले होते. ते म्हणाले, “आक्का गेल्यावर मी जेवलो, ते ह्या कुतरीला पटलं नसंल.” आणि ताट सरकवून उठले.

मी काय काय केलं नाही. तुमचं लुगडं शोधलं. सगळी वाटून टाकलेली, उरलेली धुतलेली. तुमची दोरी, तुमची काठी; त्यांना गोठ्यातल्या सगळ्या कुत्र्यांचा वास, तुमचा नाही. पत्र्याच्या गोठ्यात जाऊन बसले. वाऱ्याने पत्रा वाजला आणि मलाच वाटलं, मागे कोणी दोनदा खाकरलं. घरातही तेच. चहात आलं घालताना हात थांबतो. पाठीमागे उभं राहून कोणीतरी ‘कमी हाय’ म्हणेल, म्हणून मी जरा जास्तच घालते. तुमचे भाऊ ठसकतात, पण बोलत नाहीत. बहुतेक त्यांनाही ऐकू येतं.

आणि काल ती शेपटी.

रात्रभर विचार केला. तुम्ही आला होतात की नाही, ते तुमचं तुम्हाला माहीत. पण मी शेवटी मॅट्रिकवाली आहे, कारण शोधते. काल दिवेलागणीला मी काय केलं होतं? काडेपेटी मिळेना म्हणून फडताळ धुंडाळलं. तिथे मागे एक पत्र्याची डबी लागली. झाकण उघडून बघितलं, शिंकले आणि बंद केली. तुमची मिश्री. आमच्याकडे आल्यावर लागते म्हणून तुम्हीच ठेवलेली. घर धुताना फडताळ तेवढं राहून गेलं होतं. शेपटी त्यानंतर वाजली.

मग आज दुपारी, वन्सं, मी तो पराक्रम केला. नगरची टूथपेस्टवाली, मॅट्रिक, पावडर लावणारी. मागच्या दारी बसून डबी उघडली आणि बोटाने दातांना मिश्री लावली. अहो, काय भयंकर प्रकार आहे हा! पहिल्या घासण्याला जीभ बधिर, दुसऱ्याला कानात घंटा, तिसऱ्याला अंगण गोल फिरायला लागलं. मी विहिरीच्या कठड्याला धरून बसले. नातवंडांना कळलं तर जन्मभर माझी सुटका नाही. चाळीस वर्षं तुम्ही हे रोज करायचात आणि वर मला डोकं नाही म्हणायचात!

मग करंजाचं तेल घेतलं आणि दंडांना, मानेला, पाठीवर हात पोचेल तिथे चोळलं. तळहात मात्र राखेने घासून धुतले. तंबाखू कुत्र्याच्या पोटात जाता कामा नये, हा तुमचाच दंडक. ती धुतलेली गोधडी अंगाभोवती गुंडाळली. ज्वारीची भाकरी कुस्करून ताकात भिजवली. आणि पडवीत येऊन बसले. फरशीवर, गुडघे कुरकुरत, शुक्रीकडे पाठ करून. वाटी हात मागे नेऊन ठेवली.

बराच वेळ काही नाही. मग आतून तुमचे भाऊ आले. वीज गेलेली, अंधारून आलेलं. ते दारात थांबले. मला त्यांचा श्वास ऐकू आला, एकदा, दोनदा, नाकाने ओढलेला.

“आक्का?” ते म्हणाले. अगदी लहान पोराच्या आवाजात. “आक्का, आलीस व्हय?”

मी मान हलवली नाही. बोलले असते तर तुमच्या भावाची आक्का पुन्हा गेली असती, आणि शुक्रीचीही. ते तसेच उभे राहिले. मग त्यांनी ओळखलं असावं, कारण हळूच म्हणाले, “बस. बस तू,” आणि माझ्यापासून थोड्या अंतरावर तेही बसले. भिंतीकडे तोंड करून. म्हाताऱ्या नवराबायकोंनी कुत्र्याकडे पाठ करून बसायचं, असा हा आमचा संसार आता.

नखं वाजली फरशीवर. थांबली. परत गेली. परत आली.

वाटी सरकल्याचा आवाज आला, वन्सं. आणि मग जिभेचा.

मी हिला फसवलं का, असं मनात आलं. पण शुक्रीला काय कळत नसेल? मिश्रीखाली, करंजाखाली, सोड्याखाली मीच आहे, हे तिच्या नाकाला ठाऊक आहे. तुम्हीच म्हणायचात, तुमचा वास, माजा वास एक हू द्या. गोधडीत ते झालं नाही. माझ्या अंगावर झालं. भांडण तुम्ही जिंकलात. कुत्रं वासाचं असतं. हे मी मोठ्याने म्हणणार नाही, लिहून देते.

आता वाटी रिकामी झालीय. वीज आली, तुमच्या भावाने मला सकाळी अर्धवट लिहून ठेवलेली ही वही आणि पेन आणून दिलं आणि ते पुन्हा आपल्या जागी बसले. मी जागची हललेले नाही. शेवटच्या या ओळी इथेच, गुडघ्यावर वही धरून लिहितेय. पाठीला, दोन फऱ्यांच्या मध्ये, काहीतरी ओलं आणि गार टेकलंय आणि तिथेच राहिलंय.

आणि आता शेपटी वाजतेय. टप, टप. पण वन्सं, तिचं नाक माझ्या पाठीला आहे आणि ती शेपटी माझ्यासाठी वाजत असेल, असं समजण्याइतकी मी आता मॅट्रिक राहिले नाही. उंबऱ्याकडून दोनदा खाकरल्याचा आवाज आला. तुमच्या भावानेही ऐकला. त्यांचा हात माझ्या हातावर आलाय.

या. बसा. चहात आज आलं भरपूर आहे.

काल चुकले. आज मी वळणार नाही.